विदर्भाचा २०१७-१८ चा रणजी हंगाम : ‘चमत्कार’ या शब्दावर एक आक्षेप

१ जानेवारी २०१८, इंदूरचे होळकर स्टेडियम. दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात विदर्भाला विजयासाठी २९ धावा हव्या होत्या. एक गडी गमावून त्या निघाल्या, आणि १९५७-५८ पासून रणजी करंडक खेळणाऱ्या, पण त्या हंगामापूर्वी उपांत्य फेरीही न पाहिलेल्या संघाच्या हाती करंडक आला. तेव्हापासून या हंगामाला चमत्कार, परीकथा, स्वप्नपूर्ती अशी विशेषणे चिकटली आहेत. नागपुरात ती कौतुकाने उच्चारली जातात, मुंबईत किंचित आश्चर्याने. अकोल्याच्या जठारपेठेत मात्र हा विषय निघाला की बोलणे एका वेगळ्याच नावाशी येऊन थांबते : आदित्य ठाकरे. (राजकारणातले नव्हेत, अकोल्याचा मध्यमगती गोलंदाज.) वयाच्या १९ व्या वर्षी त्याने प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले ते थेट रणजीच्या अंतिम सामन्यात.

हा धागा त्या विशेषणांविरुद्ध आहे. चमत्कार म्हटले की कारणे शोधण्याची गरज उरत नाही, आणि या हंगामाची कारणे तर मैदानापेक्षा नकाशात आणि हिशेबाच्या वह्यांत अधिक सापडतात.

तरीही आधी मैदान. कारण ज्यांनी तो हंगाम पाहिला नाही, त्यांना तो किती बारीक धाग्यावर लोंबत होता याची कल्पना येणार नाही.

‘ड’ गटात विदर्भ अव्वल राहिला. सुरतेत उपांत्यपूर्व सामन्यात केरळचा ४१२ धावांनी पराभव झाला. येथवर सारे सुरळीत होते. मग १७ डिसेंबर २०१७ पासून कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर कर्नाटकाशी गाठ पडली. विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला. करुण नायरच्या १५३ धावांच्या बळावर कर्नाटकाने ३०१ धावा करून ११६ धावांची आघाडी घेतली. रणजीच्या बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाची आघाडी निर्णायक ठरते. म्हणजे विदर्भाला आता जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हते. दुसऱ्या डावात ३१३ धावा झाल्या. त्यात गणेश सतीशच्या ८१ होत्या, आणि हा सतीश एके काळचा कर्नाटकाचाच खेळाडू. कर्नाटकापुढे लक्ष्य १९८ धावांचे. चौथ्या दिवसअखेर ७ बाद १११. अखेरच्या सकाळी तळाच्या फलंदाजांनी कर्नाटकाला विजयाच्या उंबरठ्यापर्यंत आणले, आणि १९२ वर शेवटचा गडी बाद झाला. पाच धावांनी विजय! रजनीश गुरबानी या अभियांत्रिकीच्या पदवीधर गोलंदाजाने त्या डावात ६८ धावांत ७ बळी घेतले, सामन्यात एकूण १२.

अंतिम सामना त्या मानाने एकतर्फी झाला. दिल्लीच्या २९५ धावांपैकी १४५ एकट्या ध्रुव शोरीच्या. गुरबानीने ५९ धावांत ६ बळी घेताना हॅटट्रिक साधली; रणजीच्या अंतिम सामन्यातली ही केवळ दुसरी हॅटट्रिक, पहिली १९७२-७३ मध्ये तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. उमेश यादव त्या वेळी भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर होता. त्याच्याविना उतरलेल्या माऱ्यात अकोल्याच्या पोराने नवा चेंडू हाताळला. पुढे यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावांचे आपले पहिले प्रथम श्रेणी शतक झळकावले, आदित्य सरवटे आणि सिद्धेश नेरळ या तळाच्या जोडगोळीने अनुक्रमे ७९ आणि ७४ धावा जोडल्या, आणि विदर्भाचा डाव ५४७ पर्यंत गेला. कर्णधार फैज फजलने त्या हंगामात ९१२ धावा केल्या.

आता कारणांकडे वळता येईल, आणि त्यासाठी नकाशा उघडावा लागेल.

महाराष्ट्र या एका राज्यातून रणजीत तीन संघ का खेळतात, हा प्रश्न बहुतेक प्रेक्षकांना पडतच नाही. मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. शेजारच्या गुजरातेतही तीनच : गुजरात, बडोदा, सौराष्ट्र. रणजी करंडकाचा नकाशा हा भारताच्या जुन्या राजकीय नकाशाचा अवशेष आहे. संस्थाने गेली, प्रांत विरघळले, पण त्यांच्या सीमा धावफलकावर राहिल्या. १९३४-३५ च्या पहिल्या स्पर्धेत ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या नावाचा संघ होता. वऱ्हाड हा निजामाचा मुलूख; १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. स्वातंत्र्यानंतर हा प्रांत मध्य प्रदेश झाला, त्याची राजधानी नागपूर. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर आणि वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात आले.

आणि पुढच्याच वर्षी, १९५७-५८ च्या हंगामात, ‘विदर्भ’ नावाचा संघ रणजीत उतरला. जे राज्य कागदावरून पुसले गेले, ते क्रिकेटच्या मैदानावर उभे राहिले.

या योगायोगाला अधिक अर्थ चिकटवण्याचा मोह टाळता येत नाही, आणि २०१८ नंतर तो अनेकांना झालाही. स्वतंत्र विदर्भाचे समर्थक म्हणतात : बघा, जिथे आम्हांला आमचा वाटा आणि आमचा कारभार मिळाला, तिथे आम्ही देश जिंकला. या म्हणण्यात तथ्य आहे. १९५३ च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचा आणि नोकऱ्यांचा वाटा विदर्भाला कबूल केला होता. त्याआधी ऑगस्ट १९४७ मध्ये अकोल्यातच झालेल्या करारातही महाविदर्भाच्या हिताची हमी हाच गाभा होता. या आश्वासनांचे काय झाले, हे १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालातील अनुशेषाचे तक्ते सांगतात. सिंचन असो, रस्ते असोत, विदर्भ मागणारा आणि मुंबई देणारी, असेच नाते राहिले. क्रिकेटमध्ये तसे नव्हते. विदर्भ क्रिकेट असोसिएशन ही भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची पूर्ण सदस्य. तिचे मत स्वतंत्र, तिचा निधी थेट तिच्या हाती.

एक तपशील फारसा कोणी सांगत नाही. १८ जुलै २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लोढा समितीचे ‘एक राज्य, एक मत’ हे तत्त्व स्वीकारले होते. त्यानुसार मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या तीन संघटनांना मिळून एकच मत, तेही आळीपाळीने, मिळायचे होते. ९ ऑगस्ट २०१८ च्या निकालाने हे बदलले आणि तिघींना पूर्ण सदस्यत्व परत मिळाले. विदर्भाचा पहिला विजेता हंगाम नेमका या दोन निकालांच्या मधल्या काळातला आहे. ईडन गार्डन्सवर पाच धावांनी सामना जिंकणाऱ्या संघाच्या संघटनेचे मत त्या क्षणी तिचे एकटीचे राहील की नाही, हे ठरलेले नव्हते. १९५६ चा प्रश्न साठ वर्षांनी क्रिकेटच्या भाषेत पुन्हा विचारला गेला होता.

परंतु समर्थकांचा युक्तिवाद येथे थांबला तर तो अर्धा राहतो. स्वतंत्र संघ, स्वतंत्र मत १९५७ पासून होतेच. मग पहिली पन्नास वर्षे काय झाले? विदर्भाचा संघ अधूनमधून बाद फेरी गाठी आणि परत येई. विदर्भ संघातून पहिला कसोटीपटू घडला तो २०११ मध्ये, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव. त्याआधीची प्रतिभा बाहेर जात होती. भारताचा पहिला कसोटी कर्णधार सी. के. नायडू जन्माने नागपूरकर. पण त्यांचे वैभवाचे दिवस इंदूरच्या होळकर संघात गेले, कारण राजाश्रय तिथे होता. त्या संघाने चार वेळा रणजी जिंकली. ज्या होळकरांनी नागपूरचा माणूस नेला, त्यांच्याच नावाच्या मैदानावर विदर्भाला पहिला करंडक मिळाला, हा काव्यगत न्याय म्हणावा तर म्हणावा.

म्हणजे वेगळेपण मिळाले तरी पुरले नाही. फरक पडला तो एकविसाव्या शतकात, दूरचित्रवाणीच्या हक्कांतून मंडळाकडे आलेला पैसा संलग्न संघटनांपर्यंत झिरपू लागल्यावर. जामठ्याचे नवे स्टेडियम २००८ मध्ये उभे राहिले. प्रबोधिनी सुरू झाली, तिथे सुब्रतो बॅनर्जींसारखे प्रशिक्षक आले, वयोगटांच्या संघांवर वर्षानुवर्षे काम झाले. त्याच हंगामात विदर्भाच्या १९ वर्षांखालील संघाने कूचबिहार करंडक जिंकला. त्याच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाविरुद्ध ३२० धावा करणारा अथर्व तायडेही अकोल्याचाच. वरचा आणि खालचा असे दोन्ही संघ एकाच वर्षी विजेते होतात तेव्हा ते दैव नसते, ती शेती असते. विदर्भाने २०१८-१९ मध्ये करंडक राखला, २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा जिंकला. त्या तिसऱ्या विजयाच्या अंतिम सामन्यात शतक होते करुण नायरचे, ईडन गार्डन्सवर विदर्भाला घायकुतीला आणणाऱ्या त्याच नायरचे.

यावर नेहमीचा आक्षेप येतो : वसीम जाफर मुंबईचा, सतीश कर्नाटकाचा, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे, मग हा विजय विदर्भाचा कसा? हा आक्षेप पोकळ आहे. होळकरांनीही नायडू आणले होते. विकतचा संघ कसा असतो हे पाहायचे तर २०१२ ची ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ आठवावी. अमेरिकी पैशातून अमेरिकी फुटबॉलची व्यावसायिक स्पर्धा भारतात रुजवण्याचा तो प्रयत्न होता. पहिल्या हंगामात ‘पुणे मराठाज’ने दिल्लीच्या संघाला अंतिम सामन्यात ६-० असे हरवले, सामने मात्र झाले श्रीलंकेत, कोलंबोला. पुण्याच्या नावाचा विजेता संघ पुण्यात आज कोणाला आठवतो? त्याच्या खाली ना शालेय संघ होते, ना तालुक्याची मैदाने. जाफरच्या खाली ते होते.

आता सर्वांत अवघड भाग, आणि जठारपेठेतून पाहिले तरच तो नीट दिसतो. ‘विदर्भ’ हे नाव प्राचीन आहे, देखणे आहे. पण १९३४ च्या संघाच्या नावात जो ‘वऱ्हाड’ हा शब्द स्वतंत्रपणे उभा होता, तो १९५७ च्या नावात विरघळला. विदर्भाच्या विजयाचा इतिहास आज जवळपास पूर्णपणे नागपूरचा इतिहास म्हणून लिहिला जातो : सिव्हिल लाइन्सचे मैदान, जामठा, प्रबोधिनी. अकोल्याहून नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. किट खांद्यावर टाकून निवड चाचणीसाठी रेल्वेने जाणाऱ्या वऱ्हाडातल्या पोरांसाठी नागपूर तेच होते, जे नागपूरच्या पुढाऱ्यांसाठी मुंबई होते. मुंबईला अनुशेषाचा हिशेब मागणाऱ्यांना अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ यांचा हिशेब विचारला की ते अस्वस्थ होतात, हे या वादातले जुने दुखणे आहे. क्रिकेट त्याला अपवाद नाही.

आणि तरीही ठाकरे आणि तायडे आले ते अकोल्यातून. जामठ्याला पोहोचण्याआधीची त्यांची वर्षे कुठे गेली, त्यांना चेंडू कोणी टाकले, कोणत्या खेळपट्टीवर ते पडले-झडले, हे या हंगामावरच्या लेखांत सापडत नाही. अकोल्याचे क्रिकेट क्लब मैदान शहराबाहेरच्या माणसाला माहीत आहे ते मुख्यतः सभा आणि मेळाव्यांमुळे. विजयाच्या बातमीत गावाचे नाव येते, एका ओळीत. गावाचे क्रिकेट येत नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा १९१४ पासूनचा इतिहास थोडाफार तरी लिहिला गेला, कारण त्या संस्थेचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकला गेले होते. ज्यांच्या वाट्याला बर्लिन आले नाही, त्यांचे काय?

वऱ्हाडातल्या तरुण अभ्यासकांना येथे काम आहे, आणि त्यासाठी अभिलेखागाराची परवानगी लागत नाही. जुन्या क्लबांच्या धावफलक-वह्या कोणाच्या तरी माळ्यावर पडून आहेत. त्यांची छायाचित्रे घ्यावीत. स्थानिक वृत्तपत्रांची क्रीडापाने ग्रंथालयांत बांधीव खंडांत मिळतात. पंच, गुणलेखक, मैदानाची देखभाल करणारे, शाळेचे क्रीडाशिक्षक यांना विचारावे : सामना कोणत्या साली, कोणाविरुद्ध, मॅटिंगवर की गवताच्या खेळपट्टीवर, नागपूरच्या चाचणीला कोण गेले, कोण जाऊ शकले नाही आणि का. १९५७-५८ चा पहिला हंगाम ज्यांनी पोरवयात ऐकला-पाहिला, त्यांतले सर्वांत लहानही आता पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत.