शेजारच्या पाटल्या

गिरगावातल्या चाळीत आमचा आठ माणसांचा संसार दोन खोल्यांत चाले, आणि त्या आठांच्या गरजांचा मेळ एका सरकारी कारकुनाच्या पगाराशी घालण्याचे जे कर्म नानांच्या वाट्याला आले होते, ते ते दर महिन्याच्या पहिल्या तारखेस, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, लाल खारव्याच्या बांधणीची लांबट वही मांडीवर घेऊन मुकाट्याने उरकीत. भाडे, दूध, वाणी, शाळेची फी अशी कलमे लिहून झाली की सर्वांत शेवटी 'व्याज' हे कलम येई, आणि तेवढे लिहिताना मात्र त्यांचे अक्षर बारीक होई. हे व्याज आईच्या पाटल्यांचे. धाकट्या बहिणीच्या विषमज्वरात त्या एका सावकाराकडे तारण पडल्या, त्या सुटण्याचे नाव घेईनात.

१९६३ च्या जानेवारीत अर्थमंत्री मोरारजी देसाई यांचा सुवर्णनियंत्रणाचा हुकूम सुटला आणि १४ कॅरटांहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली, तेव्हा नाना वर्तमानपत्राची घडी घालीत म्हणाले, "चला, सरकारने आपली एक काळजी मिटविली." आई हसली नाही. त्या हुकुमाने सोनारांच्या शेगड्या थंडावल्या हे खरेच. परंतु जुन्या, २२ कॅरटी दागिन्याचा तोरा त्यामुळे एकाएकी वाढला, आणि असा दागिना आमच्या मजल्यावर शेजारच्या काकूंच्या हातात होता. त्या नळावर आल्या की पाटल्या हंड्याच्या काठावर वाजत. त्या नादासरशी आईची मान वळे, आणि वळली हे आपल्याच ध्यानात आल्यासारखी ती लगेच आपल्या कळशीत पाहू लागे.

त्याच वैशाखात मामाचे लग्न निघाले. काकू आपण होऊन पाटल्या घेऊन आल्या व म्हणाल्या, "अहो, भावाच्या लग्नात हात रिकामे बरे नाहीत दिसत." या वाक्यात औदार्य किती आणि रिकाम्या हातांची आठवण किती, याचा निवाडा मला आजतागायत करता आलेला नाही. आईने त्या घातल्या, आणि दिवसभर ती वाढण्याच्या पंगतीत जरा अधिकच फिरली, असे मला उगीच वाटले.

रात्री घरी परतल्यावर मला मध्येच जाग आली. गॅलरीतल्या दिव्याचा उजेड जाळीतून जमिनीवर पडला होता. त्या उजेडात बसून आईने पाटल्या काढल्या, एकदा तळहातावर घेऊन वजन अजमावले, कडेची नक्षी अंगठ्याने चाचपली, आणि पुन्हा हातात चढविल्या. परद्रव्य मातीच्या ढेकळासारखे लेखावे, असा पाठ गुरुजींनी आमच्याकडून घोकून घेतला होता. पण मातीचे ढेकूळ रात्री दोन वाजता कोणी असे निरखीत बसत नाही. पोट भरलेली माणसे अशा वेळी हव्यास हा शब्द वापरतात. मला तो शब्द त्या रात्री सुचला नाही, आणि पुढेही आईच्या बाबतीत कधी वापरवला नाही. (माझा स्वतःचा डोळा काकूंच्या मुलाच्या सायकलीवर होता, हेही येथे नमूद केलेले बरे.)

सकाळी तिने पाटल्या रिठ्याच्या पाण्यात घासल्या, धुवट रुमालात बांधल्या आणि लग्नातले चार लाडू बरोबर देऊन परत केल्या. पुढे कित्येक दिवस कणीक मळताना डाव्या हाताने उजव्या मनगटावरचे काहीतरी मागे सारण्याची तिची लकब मात्र राहिली. मागे सारायला तेथे काचेच्या दोन बांगड्यांखेरीज काही नव्हते.

थोरल्या भावाला नोकरी लागल्यावर, १९७१ साली, मुद्दल फिटले. नानांनी पाटल्या सोडवून आणून देवापुढे ठेवल्या आणि वहीतले ते शेवटचे कलम आडव्या रेघेने खोडले. आईने नमस्कार केला, पाटल्या हातात घातल्या, उजेडाकडे हात धरून बराच वेळ पाहिले, आणि म्हणाली,

"शेजारच्या वहिनींच्या पाटल्यांची नक्षी जरा नाजूक होती, नाही?"