प्रोपोलिस गुणकारी आहे, पण तो खर्ऱ्यावरचा उतारा नव्हे

"डॉक्टर, तोंड आलंय. प्रोपोलिसचा स्प्रे मारू का?" बेसा भागातले रुग्ण हल्ली असं विचारतात. प्रश्न योग्य आहे, म्हणून त्याचं सविस्तर उत्तर देतो.

मधमाश्या झाडांच्या कळ्यांवरचा आणि सालीवरचा चिकट डिंक गोळा करतात, त्यात मेण मिसळतात आणि पोळ्यातल्या फटी बुजवतात. हाच प्रोपोलिस. आपली सातेरी माशी तो फारसा वापरत नाही. पेटीत पाळली जाणारी मेलिफेरा आणि डंख नसलेली पोयाची माशी तो भरपूर जमवतात. झाडं बदलली की त्यातली द्रव्यंही बदलतात. त्यामुळे ब्राझीलच्या प्रोपोलिसवरचे निष्कर्ष इथल्या प्रत्येक बाटलीला लागू होतील असं नाही.

त्यातल्या फ्लेव्होनॉइड्ससारख्या घटकांमुळे जंतूंची वाढ आणि सूज कमी होते. प्रोपोलिसच्या माउथवॉशने दातांवरचा थर आणि हिरड्यांची सूज कमी झाल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे ब्रशला जोड म्हणून तो वापरायला हरकत नाही. पण दात किडून पडलेला खड्डा त्याने भरत नाही आणि साठलेलं कीटण निघत नाही.

माझी खरी काळजी वेगळी आहे. आपल्या विदर्भात खर्रा खाणारे घरोघरी आहेत. सुपारी, तंबाखू आणि चुन्याच्या या मिश्रणाने गालाची आतली त्वचा कडक होते, तिखट सोसत नाही, तोंड उघडेनासं होतं. हा सबम्यूकस फायब्रोसिस. तो कर्करोगाआधीची पायरी ठरू शकतो. अशा तोंडावर 'नैसर्गिक' म्हणून महिनोन्‌महिने स्प्रे मारत राहणं म्हणजे मोलाचा वेळ घालवणं. जळजळ थोडी कमी झाली की खर्रा पुन्हा सुरू होतो, हा त्याहून मोठा धोका.

म्हणून एवढं लक्षात ठेवा :

• दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा उभी तीन बोटं तोंडात न जाणं, यांपैकी काहीही असेल तर लगेच दंतवैद्यांना किंवा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा.

• मधमाशीच्या पदार्थांची ॲलर्जी असेल तर प्रोपोलिस टाळा. वापरल्यावर ओठ सुजले किंवा पुरळ उठलं तर लगेच थांबवा.

• काही अर्कांत अल्कोहोल असतं. मुलांना आणि गर्भवतींना विचारल्याशिवाय देऊ नका.

प्रोपोलिस घ्यायचाच असेल तर खर्रा सोडून घ्या. खरा फायदा खर्रा सोडण्यातच आहे.