वाचून झालेली पुस्तकं

दसरा जवळ आला की आमच्या सोसायटीला स्वच्छतेचा झटका येतो. यंदा लिफ्टपाशी एक खोका ठेवलाय आणि त्यावर चिठ्ठी डकवलीय : ‘वाचून झालेली पुस्तके येथे टाकावीत.’ टाकावीत! खोक्यात दोन गाईडं, एक डाएटचं पुस्तक आणि कुणीतरी चुकून टाकलेलं विजेचं बिल. सेक्रेटरी तसा गुणी मुलगा आहे. पार्किंगवरच्या लेखात मी त्याला बरंच झोडपलं होतं, तरी अजून ‘काका’ म्हणतो. त्यानं मला जिन्यात गाठलं. ‘काका, तुमच्याकडे तर ढीग असेल. वाचून झालेली द्या की.’ मी म्हटलं, ‘माझं अजून एकही वाचून झालेलं नाही.’ त्याच्या चेहऱ्यावर अशी काही दया दाटून आली, की हा माणूस पुस्तकं नुसती विकत घेऊन ठेवतो अशी त्याची खात्री पटली असणार.

आणि हे चाललंय ठाण्यात. वि. ल. भावे आणि मंडळींनी १८९३ साली मराठी ग्रंथ संग्रहालय काढलं ते याच ठाण्यात. आणि ‘वाचून झालेलं’ म्हणाल, तर आमचे आजोबा दासबोधाचा विसावा दशक संपला की लगेच पहिल्या दशकाचा पहिला समास काढत. ‘झाला ना वाचून, मग देऊन टाका’ असं त्यांना म्हणण्याची घरात कुणाची छाती नव्हती.

ही सगळी तक्रार घेऊन मी टेंभी नाक्यावर चहाला गेलो. आनंद दिघ्यांनी सुरू केलेल्या नवरात्राचा मांडव उभा राहतोय, त्यामुळे रस्ता आक्रसलेला, हॉर्न वाढलेले आणि बोलणं ओरडून. आमचे डोंबिवलीकर (लोकलच्या चौथ्या सीटवरून ज्यांच्याशी माझं दोन लेख भांडण चाललं होतं, तेच) सेक्रेटरीच्या बाजूने उभे राहिले. म्हणाले, ‘बरोबर आहे त्याचं. आता मला सांगा, श्यामची आई पुन्हा कशाला वाचायची? अख्खी आठवते.’

‘सांगा बघू काय आठवतं,’ म्हटलं. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि दोन मिनिटांत लक्षात आलं, की गृहस्थांना पुस्तक आठवतच नव्हतं, वनमालाबाई आठवत होत्या. अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. त्यातला माधव वझ्यांचा श्याम त्यांना लख्ख दिसत होता. पुस्तकातले श्यामचे वडील कसे होते विचारलं, तर म्हणाले, ‘होते की. असणारच.’

यात डोंबिवलीकरांना हसण्यासारखं काही नाही. जिथे बसून आम्ही हे बोलत होतो तिथेच बघा. दिघेसाहेबांचा दरबार ज्यांनी डोळ्यांनी पाहिला अशी माणसं या नाक्यावर आजही भेटतात. पण २०२२ साली त्यांच्यावरचा ‘धर्मवीर’ सिनेमा आला, आणि आता गोष्ट सांगताना त्यातलेही काहीजण मधेच त्यातल्या प्रसाद ओकसारखी मान वळवतात. आठवण ही भाड्याची खोली आहे. नवा भाडेकरू आला की जुन्याचं सामान गॅलरीत. एखादा फोटो, एखादं पत्र हाताशी असलं तर निदान पडताळून बघता येतं. पुस्तकाचं तेच. म्हणून ते घरात लागतं.

तर श्यामचे वडील. साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलं. वय तेहतीस, आणि आई जाऊन पंधरा वर्षं उलटलेली. शाळेत आपण ते श्याम होऊन वाचतो आणि आईसाठी रडतो. भाऊराव मागे कुठेतरी पडवीत बसलेले असतात. माझ्या धाकट्या मेहुण्यानं घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला आणि पोरीला वाचून दाखवायला म्हणून हे पुस्तक काढलं. सावकाराचा माणूस वसुलीला येऊन दारात बसतो, तिथे त्यानं पुस्तक मिटलं. पुढे गावात जप्तीची दवंडी पिटतात, ते त्यानं तिला वाचून दाखवलंच नाही. पोरगी म्हणाली, ‘बाबा, आईची गोष्ट वाच ना.’ याला मात्र पहिल्यांदाच बापाची गोष्ट दिसली होती. पुस्तकात ती आधीपासून होतीच, फक्त हप्ते सुरू होईपर्यंत ती कुणाच्या नजरेला पडत नाही.

डोंबिवलीकर यावर काही बोलले नाहीत, म्हणजे विषय बदलणार हे ओळखून मी ‘कोसला’ काढली. माझी स्वतःची प्रत एका स्नेह्यानं ‘दोन दिवसांत देतो’ म्हणून नेली, त्याला आता नातू झालाय. म्हणून परवा एका वाचनालयातून आणली. नेमाड्यांनी १९६३ साली, पंचविशीत लिहिलेलं पुस्तक. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा निम्मा वर्ग पांडुरंग सांगवीकर होऊन ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ घातल्याशिवाय चहासुद्धा मागत नसे. पैसे खानदेशातून बाप पाठवतो, पुण्यात ते मेसच्या भानगडीत आणि दोस्तांच्या चहापाण्यात उडतात, हे वाचून आम्हाला कोण आनंद! या खेपेला मी तीच पानं मनिऑर्डर करणाऱ्याच्या बाजूने वाचली आणि पांडुरंगाला कानफटवावंसं वाटलं. त्याची बहीण मनू जाते, तो भाग मात्र तेव्हाही जमला नव्हता, आताही सलग वाचता आला नाही.

पण मला सांगायचं आहे ते वाचनालयाच्या पुस्तकांत पेन्सिली चालवणाऱ्या लोकांबद्दल. या जमातीवर स्वतंत्र लेख लिहायचा माझा कधीचा बेत आहे. सार्वजनिक पुस्तकात ‘खरंय!!’ लिहिणाऱ्या माणसाला नेमकं कुणाला कळवायचं असतं? लेखकाला? या प्रतीत एक निळी पेन्सिल पहिल्या शंभर पानांवर ‘जबरदस्त’, ‘अगदी माझंच’ असं करत सुटली आहे. मग बापलेकाच्या एका भांडणापाशी तिने समासात बापाला शिवी हासडली आहे. त्याखाली वेगळ्या, वळणदार, बँकेत आयुष्य गेल्यासारख्या अक्षरात शाईने लिहिलंय : ‘नोकरी लागल्यावर पुन्हा वाच.’

वाचून मी खूश. माझाच मुद्दा, आयता, लिहून ठेवलेला! डोंबिवलीकरांच्या नाकाखाली पान धरलं. त्यांनी चष्मा चढवला, शांतपणे वाचलं आणि बोट आणखी खाली नेलं. समासाच्या तळाशी, बॉलपेनने, घाईघाईत लिहिलेलं होतं :

‘लागली. वाचलं. तरी पांडुरंगच बरोबर.’