पडणाऱ्याला मत

२०२४च्या नोव्हेंबरात आमच्या घरात दोन निवडणुका एकदम चालू होत्या. २० तारखेला महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान आणि २९ला इथे आयर्लंडमध्ये डॉलचं, म्हणजे इथल्या लोकसभेचं. कराडहून सासऱ्यांचा, अण्णांचा, रात्री फोन यायचा. सोसायटी, बँक, कारखाना, झेडपी अशा सगळ्या निवडणुका कोळून प्यायलेला माणूस. "बाबांचं यंदा अवघड हाय," असं त्यांनी पृथ्वीराज चव्हाणांबद्दल मतदानाआधीच सांगून टाकलं होतं आणि २३ला कराड दक्षिणमधून अतुल भोसले निवडूनही आले. मग अण्णांनी मोर्चा आमच्याकडे वळवला.

"तुमच्यात कोण येतंय?"

"ते नाही सांगता येत, अण्णा. मी कुणाला देणार ते सांगू का?"

"कोण येतंय ते ठाऊक न्हाई, मग द्यायचं कुणाला ते कसं ठरीवलंस?"

ते चेष्टा करत नव्हते. आपल्याकडे मत ठरवण्याची खरी रीत हीच आहे. पारावर, एसटीत, सलूनमध्ये पहिला प्रश्न उमेदवार कसा आहे हा नसतोच; वारं कुणाचं आहे, हा असतो. पडणाऱ्याला मत म्हणजे मत वाया. त्यामुळे मतदार आपल्या मनातला माणूस निवडतच नाही, इतर हजारो लोकांच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधतो आणि त्या अंदाजातल्या पहिल्या दोघांपैकी कमी नावडत्याचं बटण दाबतो. तिसरा कितीही लायक असला तरी तो 'मतं खायला' उभा आहे, असं म्हटलं की विषय संपला. बरेचदा तो खरंच त्याच कामासाठी उभा केलेला असतो, हेही आहेच.

आम्ही राहतो त्या सँट्रीत, डब्लिनच्या उत्तरेला, विमानतळाच्या जरा अलीकडे, मतं खाता येत नाहीत. मतपत्रिका कागदी असते. नावं आडनावाच्या अक्षरानुसार लावलेली, शेजारी फोटो आणि पक्षाचं चिन्ह. दोरीला बांधलेली शिसपेन्सिल उचलायची, आवडत्या उमेदवारापुढे १ लिहायचा, मग २, ३, जिथवर मन धजेल तिथवर. सँट्रीचा आमच्याकडचा भाग डब्लिन नॉर्थ-वेस्ट मतदारसंघात येतो. तिथून तिघं निवडून जातात, म्हणून वैध मतांच्या चौथ्या हिश्शापेक्षा एक मत जास्त मिळालं की कोटा पूर्ण. कोट्यावरची जादा मतं पुढच्या पसंतीकडे जातात. सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याचा गठ्ठा सोडून त्यातली मतंही पुढच्या पसंतीला वाटली जातात. तिन्ही जागा भरेपर्यंत हेच. पडणाऱ्याला पहिलं मत दिलं तरी ते मरत नाही, पुढच्या माणसाकडे चालत जातं. याला इथे सगळे 'ट्रान्सफर' म्हणतात, आणि निवडणुकीच्या दिवसांत बसस्टॉपवरही हा शब्द ऐकू येतो.

पण यामुळे मतदारावरचं काम वाढतं. त्या नोव्हेंबरात मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्रकं मांडली. त्यात 'तुम्ही घरी नव्हता, भेट हुकली' असं छापलेली दोन कार्डंही होती. दोन्ही मी घरी असताना, बेल न वाजवता, दारातून आत सरकवलेली. मी यादी खालून भरत गेले. आधी ठरवलं, कुणापुढे आकडाच लिहायचा नाही. त्याच वर्षी १५ जुलैला कूलॉकमध्ये दंगल झाली होती. निर्वासितांसाठी ठरवलेल्या, रंगाच्या बंद कारखान्याच्या जागेवर जाळपोळ झाली, पोलिसांवर दगड आले. कूलॉक आमच्यापासून जवळ. त्या आठवड्यात शाळेच्या दारात आम्ही सगळ्या परदेशी आया आवाज खाली करून बोलत होतो. त्यानंतर कोण काय बोललं आणि कोण मूग गिळून बसलं, हे माझ्या लक्षात होतं. जे आगीत तेल ओतत होते त्यांच्या चौकटी कोऱ्या. जे गप्प बसले ते तळाला. मग घरांचा प्रश्न, भाडं, डे-केअर. मेट्रोवर मात्र मत ठरत नाही, कारण ती सगळ्यांच्याच पत्रकात असते. २००५मध्ये जाहीर झालेली ही विमानतळ मेट्रो २०१२पर्यंत धावणार होती. तिचं एक स्टेशन इथे नॉर्थवुडला ठरलेलं आहे, आणि आम्ही अजून बसनेच जातो.

१ आणि २ सर्वांत शेवटी ठरले. त्यातला २ दारात ठरला. एक उमेदवार संध्याकाळी पावसात उभा होता. मी सरळ सांगितलं, माझा पहिला नंबर दुसऱ्याला आहे. आपल्याकडे इथे संवाद संपला असता. तो म्हणाला, "चांगला माणूस आहे. मग दोन नंबर मला द्या." आणि त्या दुसऱ्या उमेदवाराशी त्याचं घरांच्या प्रश्नावर कुठे जमतं, कुठे नाही, हे त्याने नीट सांगितलं. हा काही स्वभावाचा चांगुलपणा नाही, गणित आहे. ज्याच्या पाठीराख्याकडून दुसरी पसंती मागायची, त्याला दारात उभं राहून शिव्या घालता येत नाहीत. समाजमाध्यमांवर घालतात, भरपूर घालतात, दारात नाही.

या पद्धतीची धार पाहायची तर त्याच निवडणुकीत शेजारच्या डब्लिन सेंट्रलमध्ये पाहावी. तिथे जेरी हच अपक्ष उभे होते. आमच्या भागातल्या रीजन्सी हॉटेलात २०१६मध्ये झालेल्या खुनाचा खटला ज्यांच्यावर चालला आणि २०२३मध्ये ज्यांची निर्दोष सुटका झाली, तेच हे हच. नाव घराघरात माहीत. चार जागा होत्या आणि पहिल्या पसंतीच्या मतांत ते चौथे आले. आपल्या हिशेबाने निवडून आलेच. पण जसजसे उमेदवार बाद होत गेले तसतशी त्यांची मतं हच यांच्याकडे न जाता लेबर पक्षाच्या मरी शेरलॉक यांच्याकडे जास्त वळली आणि मागून येऊन चौथी जागा त्यांनी घेतली. हच यांना हवं म्हणणारे हजारो होते, पण बाकीच्यांपैकी फार थोड्यांना ते दुसरे, तिसरे म्हणूनही चालत होते. किती लोकांना माणूस हवा आहे आणि किती जणांना तो चालेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपलं बटण पहिलाच विचारतं.

हे सगळं परदेशी कौतुक म्हणून कुणी बाजूला सारेल, म्हणून आठवण करून देते. पसंतीक्रम महाराष्ट्राला नवा नाही. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात तो आहे, राज्यसभेला आहे, विधान परिषदेला आहे. जून २०२२मध्ये राज्यसभेच्या सहाव्या जागेवर शिवसेनेचे संजय पवार पहिल्या पसंतीत पुढे असूनही धनंजय महाडिक दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आले. ती रात्र सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीपुढे जागून काढली. म्हणजे आमदारांना २, ३ लिहिण्याची अक्कल आहे, पदवी असली तर मास्तरांना आणि कारकुनांनाही आहे. फक्त पदवी नसलेल्या मतदाराला ती झेपणार नाही, असं आपण धरून चाललो आहोत. इथे तीन पिढ्यांपूर्वीच्या शाळा सोडलेल्या गोदी कामगारांनी ती झेपवली. १९५९ आणि १९६८ साली सरकारने ही पद्धत मोडीत काढायला सार्वमत घेतलं, तेव्हा दोन्ही वेळा लोकांनीच ती वाचवली.

रामराज्य मात्र इथेही नाही. २०२४च्या ऑक्टोबरात अर्थसंकल्प आला, त्यात विजेच्या बिलात २५० युरोंची सूट आणि नोव्हेंबर-डिसेंबरात मुलांचा भत्ता दुप्पट. नोव्हेंबरअखेर मतदान. लाडक्या बहिणीचे पंधराशे रुपये आठवून मी एकटीच हसले, भत्ता अर्थातच घेतला. घराणीही आहेत: केरी मतदारसंघातून २०१६मध्ये हीली-रे हे दोन सख्खे भाऊ एकदम निवडून आले, वडीलही आधी तिथलेच लोकप्रतिनिधी. शेजारच्या म्हाताऱ्या बाई फियाना फॉलला मत देतात, कारण त्यांचं घर १९२२-२३च्या यादवीपासून त्या बाजूचं. 'आमचं घर काँग्रेसचं' म्हणणारी माझी आजी त्यांना लगेच समजली असती. फरक एवढाच की आता त्या दुसरी पसंती फिन गेलला, आजोबांच्या वैऱ्यांच्या पक्षाला, देतात. पहिली निष्ठा, दुसरी विचार करून. मालवणजवळच्या वराडचे म्हणून आपण ज्यांचं कौतुक करतो त्या लिओ वराडकरांनाही २०२०मध्ये, पंतप्रधानपदी असताना, स्वतःच्या मतदारसंघात कोटा गाठायला पाचव्या फेरीपर्यंत थांबावं लागलं होतं.

पुण्यात चार नगरसेवकांचा प्रभाग आहे. चार बटणं दाबायची सवय लोकांना झाली आहे, फक्त 'पॅनेल टू पॅनेल' चालवा, असं सांगणारा माणूस कोपऱ्यावर उभा असतो आणि चारही जागा बहुधा एकाच पक्षाच्या घशात जातात. त्याच प्रभागात चार बटणांऐवजी १, २, ३, ४ लिहू द्या, मग जागा वाटल्या जातील. डब्लिन नॉर्थ-वेस्टच्या तीन जागा २०२४मध्ये शिन फेन, सोशल डेमोक्रॅट्स आणि फियाना फॉल अशा तीन पक्षांत वाटल्या गेल्या, आणि नळाला पाणी नाही म्हणून जायचं झालं तर मतदाराला निदान एक दार आपलं वाटेल असं असतं. मोजणी लांबेल, हे खरं आहे. इथे एकेका मतदारसंघाला दोन-दोन दिवस लागतात, कठड्याला रेलून पक्षांची माणसं पॅडवर खुणा करत असतात आणि तोवर कुणीच गुलाल उधळत नाही.

अण्णांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग दोन नंबरला पैसं किती देत्यात?"