खुणा नसलेली वाट

स्वित्झर्लंडांत पायीं हिंडणाऱ्यांसाठीं सुमारें ६५,००० किलोमीटर वाटा खुणांनीं दाखविलेल्या आहेत. सोप्या वाटेस पिवळी पाटी, डोंगरी वाटेस पांढरा-तांबडा-पांढरा पट्टा, आणि अतिकठीण वाटेस पांढरा-निळा-पांढरा. परंतु आल्प्स पर्वतांत अशाही कित्येक वाटा आहेत कीं, जेथें रंगाचा ठिपकाही नाहीं. तेथें जाणाऱ्याच्या हातीं मुख्यतः दोनच साधनें: कोणा पूर्वीच्या प्रवाशाचें टिपण, व जीपीएस.

आमचीं मुलें आल्प्समध्यें थोडींच जाणार. परंतु सुट्टींत सह्याद्रींत हिंडतांना हेंच यंत्र त्यांच्या खिशांत असतें, आणि तीं आम्हांस विचारतात कीं, मग नकाशा वाचण्याचे कष्ट कशास? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र त्यांच्या मनासारखें देतां येत नाहीं. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले म्हणजे आपण कोठें आहों तें यंत्र सांगतें. पाऊल कोठें टाकावें तें सांगत नाहीं. अरुंद दरींत संदेश कड्यावर आपटून येतो, आणि पडद्यावरील ठिपका मनुष्यास ओढ्याच्या पलीकडे नेऊन बसवितो!

त्याहून मोठा धोका जुन्या रेषेचा. यंत्रांत उतरवून घेतलेली रेषा म्हणजे दुसऱ्या कोणाचे पाय दुसऱ्या एखाद्या दिवशीं कोठें पडले एवढेंच. २०२२ व २०२३ ह्या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडांतील हिमनद्यांचें सुमारें १० टक्के बर्फ नाहींसें झालें. पूर्वीचे प्रवासी जेथें बर्फावरून चालत गेले, तेथें आज सुटे धोंडे व गुळगुळीत कातळ असूं शकतो. रेषेस ह्याची वार्ता नसते.

टिपणासही जाणता वाचक पाहिजे. जर्मन टिपणांत ओढ्याचा ‘डावा तीर’ पुष्कळदां पाणी वाहतें त्या दिशेकडे तोंड करून ठरविलेला असतो. वर चढणाऱ्याच्या तो उजव्या हातास येतो. हें ज्यास ठाऊक नाहीं तो तासभर भलत्याच तीरानें चढेल, व दोष टिपणास देईल.

म्हणून आमचें मत असें कीं, आदल्या रात्रीं १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर ती वाट बोटानें चालून पाहावी, आणि स्वतःच्या हातानें लिहून काढावें: कोणत्या उंचीवर ओढा ओलांडावयाचा, खिंड कोठून दिसावयास हवी, किती वाजतां परत फिरावयाचें. यंत्र साक्षीदार म्हणून जवळ असावें. टिपण, यंत्र आणि डोळे ह्यांचें जमेनासें झालें, तर शेवटच्या खात्रीच्या जागीं माघारें यावें. आणि मूल असें अर्ध्या वाटेवरून घरीं परतलें, तर पालकांनीं कृपा करून ‘मग गेलास कशाला?’ असें त्यास विचारूं नये.