‘डिसेंट’ म्हणजे नेमके कोण?

घरमालकाला ‘डिसेंट फॅमिली’ पाहिजे असते. लग्नाच्या बायोडाटात ‘डिसेंट घराणे’ अपेक्षित असते. सोसायटीला ‘डिसेंट शेजार’ लागतो आणि कंपनीला ‘डिसेंट बॅकग्राउंड’चा उमेदवार. एवढ्या वेगवेगळ्या दारांवर एकच शब्द पहारेकरी म्हणून उभा असेल तर तो शब्द साधा राहत नाही. आणि गंमत अशी की त्या दारांबाहेर ज्यांना सर्वात जास्त उभे केले जाते ती आपली पोरं-पोरीसुद्धा हाच शब्द दिवसातून दहा वेळा वापरतात. म्हणून त्याची झडती घेणे गरजेचे आहे.

वस्तूंबद्दल हा शब्द वापरला तर काही भांडण नाही. ‘डिसेंट पगार आहे’, ‘डिसेंट मार्क पडले’, ‘पिक्चर डिसेंट होता’ म्हणजे बरा होता, चालण्यासारखा होता. विषय तिथे संपला. प्रश्न येतो तो माणसाला हे विशेषण लागते तेव्हा.

मी वस्तीपातळीवर युवकांच्या कार्यशाळा घेते. तिथे अनेकदा विचारते, डिसेंट माणूस कसा असतो ते सांगा. उत्तरे जवळजवळ ठरलेली असतात. शांत असतो. हळू बोलतो. कपडे साधे पण इस्त्रीचे. शिव्या देत नाही. कुणाच्या भानगडीत पडत नाही. फॅमिली चांगली असते. आजपर्यंत एकाही गटात ‘जो समोरच्याची जात विचारत नाही तो’ असे उत्तर आलेले नाही. ‘घरकाम करणाऱ्या बाईला वेगळा कप ठेवत नाही तो’ असेही कुणी म्हटले नाही. म्हणजे आपण डिसेंट म्हणतो तेव्हा माणूस दुसऱ्याशी कसा वागतो हे पाहतच नाही. तो दिसतो कसा, बोलतो कसा आणि आला कुठून, एवढेच पाहतो.

शब्दाचे मूळ पाहिले की यात आश्चर्य वाटत नाही. लॅटिनमध्ये ‘देसेरे’ असे क्रियापद आहे. त्याचा अर्थ शोभणे, साजेसे असणे. त्यावरून इंग्रजीत हा शब्द आला आणि सुरुवातीला त्याचा अर्थच होता, ज्याच्या त्याच्या दर्जाला साजेसे. आता हे वाक्य मराठीत म्हणून बघा: ‘तुला हे शोभत नाही.’ आपल्या आज्या-पणज्यांनी हे वाक्य किती वेळा ऐकले असेल! पायरीने राहा, पायरी ओळखून वाग, हा तोच अर्थ आहे. आपल्याकडचा ‘सभ्य’ शब्दही काही वेगळा नाही. सभेत बसायला योग्य तो सभ्य. आणि सभेत बसायला योग्य कोण, हे कोणी ठरवले होते? चावडीच्या बाहेर, उन्हात, खाली बसणारा माणूस स्वभावाने कितीही सज्जन असला तरी या व्याख्येने तो सभ्य होऊ शकत नव्हता.

‘शोभणे’ ही गोष्ट किती बारकाईने ठरवली जायची याचा पुरावा बाबासाहेबांनीच ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये दिला आहे. १९२८ साली इंदूर भागातील बलाई समाजावर सवर्णांनी नियम लादले. बलाई पुरुषांनी जरीच्या काठाची पगडी घालायची नाही. रंगीत, नक्षीदार काठाचे धोतर नेसायचे नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. याच भाषणात जयपूर संस्थानातल्या चकवाऱ्याची हकीकत आहे. अस्पृश्यांनी आपल्या पंगतीत तूप वाढले म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. तूप त्यांच्याच पैशाचे, पंगत त्यांचीच, पण ते त्यांना ‘शोभत’ नव्हते. तिथे कुणी गोंगाट केला नव्हता की अस्वच्छता केली नव्हती. उलट स्वच्छ आणि चांगले राहणे हाच गुन्हा ठरला होता.

हे लक्षात ठेवले की एका नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. काही जण विचारतात, ‘मग बाबासाहेब सूट-बूट का घालत होते? त्यांनीच तर आपल्याला नीटनेटके राहायला सांगितले.’ हो, सांगितले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीच्या दहनानंतर त्यांनी महिलांपुढे भाषण केले. लुगडे नेसण्याची पद्धत बदला, अस्पृश्य म्हणून ओळखू येतील असे जड दागिने टाकून द्या, घरात स्वच्छता ठेवा, मुलींना शिकवा, असे ते त्यात म्हणाले. आपल्यातले काही लोक या भाषणाचा दाखला देऊन वस्तीतल्या बायकांना ‘डिसेंट राहा’ म्हणून उपदेश करतात. पण त्या काळात पेहराव ही जातीची पाटी होती आणि ती पाटी काढून फेकणे हे बंड होते. ‘तुम्हाला जे शोभत नाही’ असे सांगितले गेले होते नेमके तेच करा, असे बाबासाहेब सांगत होते. सवर्णांनी आपल्याला चांगले म्हणावे म्हणून नीट राहा, हा त्याचा अर्थ नाही. नऊ महिन्यांपूर्वी, मार्चमध्ये, ज्यांनी चवदार तळ्याचे पाणी पिऊन मार खाल्ला होता ती माणसे गावाच्या नजरेत सर्वात ‘अनडिसेंट’ होती, हे विसरू नका.

आणि सूट घालून दार उघडते असे बाबासाहेबांना कधीच वाटले नाही. १९१७ साली ते बडोद्यात नोकरीला गेले तेव्हा कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले होते. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव घेऊन एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसे आली आणि त्यांना बाहेर काढले. त्यांचे कपडे, इंग्रजी, वागणे यात कुणाला खोट काढता आली असती? तरी जागा गेली. आज भाड्याने घर शोधणाऱ्या आपल्या इंजिनिअर पोराला ‘मालकांचं मत बदललंय’ असा फोन आडनाव सांगितल्यावर दोन तासांनी येतो, तेव्हा तो बडोद्याचाच पुढचा अध्याय असतो. काठ्या तेवढ्या गेल्या.

‘हे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी दोन अभ्यास सांगते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांना पाठवले. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. ते सगळे म्हणत होते की आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो. पण मुलाखतीत ‘फॅमिली बॅकग्राउंड’ विचारणे त्यांना अगदी स्वाभाविक वाटत होते. वडील काय करतात, घरचे वातावरण कसे, कुठे वाढलात, यावरून माणूस कळतो म्हणे. जातीची ही लपलेली भाषा आहे, असे त्या अभ्यासकांनी म्हटले. ‘डिसेंट’ हा त्याच भाषेतला शब्द आहे. ‘कुलीन’ म्हटले की कुळ दिसते, ‘खानदानी’ म्हटले की खानदान दिसते, ‘आमच्यातला’ म्हटले तर सरळ जात दिसते. इंग्रजी विशेषणात यातले काहीच दिसत नाही. काम मात्र तेच होते.

या शब्दाचा सर्वात विषारी उपयोग मात्र घर नाकारण्यात नाही. तो आपल्या तोंडावर केलेल्या कौतुकात आहे. ‘तू किती डिसेंट आहेस, तू त्यातली वाटतच नाहीस!’ कॉलेजात, हॉस्टेलवर, ऑफिसात हे वाक्य ऐकले नाही असा आपल्यातला सुशिक्षित तरुण सापडणे कठीण. बोलणाऱ्याला वाटते आपण फुले वाहिली. प्रत्यक्षात त्याने एका वाक्यात तुमच्या आईला, भावाला, अख्ख्या वस्तीला शिवी दिलेली असते आणि त्या शिवीतून तुम्हाला एकट्याला सूट दिलेली असते. सूट मिळाल्याचा आनंद मानायचा की शिवीचा राग, या गोंधळात आपण ‘थँक यू’ म्हणून मोकळे होतो.

या सुटीला अटही असते. ‘चांगला डिसेंट मुलगा आहे, कधी जातीचा विषय काढत नाही.’ म्हणजे कँटीनमध्ये आरक्षणावर विनोद झाला तर हसायचे, निदान गप्प बसायचे. डेस्कवर बाबासाहेबांचा फोटो लावायचा नाही. शेजारच्या टेबलावर देवाचा फोटो असला तरी. मोठ्याने जयभीम घालायचा नाही. ज्या दिवशी तो मुलगा ‘हा विनोद मला आवडला नाही’ म्हणतो, त्या दिवशी डिसेंटपणा संपतो आणि तो ‘अग्रेसिव्ह’ होतो. मुलींच्या बाबतीत तर दुहेरी फास असतो. डिसेंट मुलगी म्हणजे अंगभर कपडे, खाली नजर, हळू आवाज. मोर्च्यात घोषणा देणारी मुलगी आपल्याच काही काका-मामांच्या लेखी डिसेंट राहत नाही. हा पाळणा सवर्णांनी बांधला असेल, झोका आपणही देतो.

कारण हा रोग आपल्या घरात आलेला आहे. आपल्या वधू-वर सूचक ग्रुपवरचे बायोडाटा वाचा. ‘बौद्ध, उच्चशिक्षित, डिसेंट फॅमिली, स्वतःचा फ्लॅट.’ या ओळीत डिसेंट म्हणजे काय? वस्तीत न राहणारे, एवढेच. सरकारी नोकरीतून कॉलनीत गेलेली पिढी वस्तीतल्या चुलत्याला लग्नात मागच्या खुर्चीवर बसवते. त्याचे बोलणे मोठ्याने, त्याच्या बायकोची साडी भडक. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दलची वेदना बोलून दाखवली होती, ती दरवर्षी आपण स्टेटसला ठेवतो. मग त्या चुलत्याची खुर्ची पुढे का येत नाही?

जयंतीचा वाद घ्या. एप्रिल जवळ आला की ‘यंदा जयंती डिसेंट झाली पाहिजे’ असे मेसेज फिरू लागतात. डीजेच्या मी विरोधात आहे, स्पष्ट सांगते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत तान्हे बाळ असते, दम्याचा म्हातारा असतो. त्या भिंतींवर आदळणारा आवाज पहिल्यांदा आपल्याच माणसाला मारतो. शिवाय एका रात्रीच्या डीजेच्या पैशात अभ्यासिकेचे वर्षभराचे वीजबिल निघते. ही कारणे पुरेशी आहेत. ‘लोक आपल्याला काय म्हणतील’ हे कारण मला मान्य नाही. कारण त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या दुसऱ्या मिरवणुकीचा आवाज तेवढाच असला तरी तिला वर्तमानपत्र ‘उत्साह’ म्हणते आणि आपल्या मिरवणुकीला ‘वाहतुकीचा खोळंबा’. त्या नजरेत पास होण्यासाठी डीजे बंद केला, तर उद्या तीच नजर निळा झेंडा छोटा करायला सांगेल.

मग हा शब्द टाकून द्यायचा का? माझे मत तसे नाही. त्याची जागा बदलायची. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ‘डिसेंट वर्क’ ही संकल्पना मांडली आणि २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत आठव्या क्रमांकावर ती आली. तिथे हे विशेषण माणसाला लावलेले नाही, कामाला लावलेले आहे. रास्त वेतन, सुरक्षितता, संघटना करण्याचा हक्क आणि माणूस म्हणून प्रतिष्ठा असेल ते काम डिसेंट. कामगार कसा दिसतो, हळू बोलतो का, हा प्रश्नच नाही. अविशाई मार्गालिट या तत्त्ववेत्त्याने १९९६ च्या आपल्या पुस्तकात हेच विशेषण समाजाला लावले. ज्या समाजाच्या संस्था माणसाला अपमानित करत नाहीत तो समाज डिसेंट. एमएला असताना हे वाचले तेव्हा वाटले, आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतली ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ हीच तर आहे!

आता हे माप घेऊन बाहेर पडा. हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणारा कायदा २०१३ चा. गटारात मेलेल्या कामगाराच्या वारसांना दहा लाख द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मार्च २०१४ चा. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाला ती रक्कम तीस लाख करावी लागली, म्हणजे माणसे उतरवली जात होती आणि मरत होती. ज्या टॉवरच्या सेप्टिक टाकीत ठेकेदार माणूस उतरवतो, त्याच टॉवरच्या नोटीस बोर्डावर ‘फक्त डिसेंट फॅमिलींना भाड्याने द्यावे’ असा ठराव लावता येतो आणि कुणालाही त्यात विसंगती दिसत नाही. वरचा भाडेकरू तपासायला समिती असते, खाली उतरणाऱ्याला दोर आणि मास्क आहे का हे बघायला कुणी नसते.

म्हणून घर शोधणाऱ्या आपल्या पोरांना मी एक सांगते. एजंट ‘डिसेंट फॅमिली पाहिजे’ म्हणाला की लगेच ‘आम्ही डिसेंटच आहोत हो’ म्हणू नका. शांतपणे विचारा, ‘डिसेंट म्हणजे कोण?’ बहुतेक वेळा तो आधी अडखळतो. मग ‘म्हणजे… व्हेज’ म्हणतो. मग ‘म्हणजे… आपलं आडनाव काय?’ तिथे शब्दाचा अर्थ त्यानेच सांगितलेला असतो. घर कदाचित मिळणार नाही, पण ते आडनाव सांगितल्यावरही मिळणार नव्हतेच. आणि मालकाचे घर बघायला गेलात, तर जिन्याखाली कामवाल्या बाईसाठी वेगळा ग्लास ठेवला आहे का, तेही बघून या.