कोरडे डोळे आणि महागडा प्रकाश

शहरांतील खाजगी नेत्रालयांत डोळ्यांच्या कोरडेपणावर तीव्र प्रकाशझोताचा उपचार आता मिळू लागला आहे. नवे तंत्र केवळ नवे म्हणून नाकारणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे. परंतु ते कोणत्या पुराव्यावर आणि कोणाच्या हितासाठी वापरले जाते, हे विचारणे आपले कर्तव्यच आहे.

पापण्यांच्या कडांशी तेलकट द्रव स्रवणाऱ्या ग्रंथी असतात. जर्मन वैद्य हाइनरिख मायबोम यांनी १६६६ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. हा द्रव अश्रूंवर पातळ थर धरून बाष्पीभवन रोखतो. ग्रंथी तुंबल्या की अश्रू लवकर उडून जातात, डोळे चुरचुरतात, नजर धूसर होते. नव्या उपचारात डोळे झाकून गालांवर व नाकावर प्रकाशाचे झोत सोडतात. त्यामुळे फुगलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसून दाह उतरतो, असे मानले जाते. पाठोपाठ पापण्या दाबून साकळलेले तेल काढतात. अशा तीन-चार बैठका काही आठवड्यांच्या अंतराने होतात.

पुरावा काय सांगतो? २०२० साली कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात अवघ्या ३ चाचण्या व ११४ रुग्ण सापडले. त्यावरून ठाम निष्कर्ष काढता आला नाही. २०२१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा एका यंत्रास मान्यता दिली, पण दोन अटींवर. एक, हा उपचार शेक, कृत्रिम अश्रू इत्यादींना पूरक म्हणूनच करावा. दुसरी, त्वचेच्या सहा प्रकारांपैकी पहिल्या चारांवरच करावा. गडद त्वचेतील रंगद्रव्य प्रकाश शोषून घेते व भाजण्याचा धोका वाढतो. आपल्याकडील कित्येक सावळ्या-काळ्या स्त्री-पुरुषांना ही दुसरी अट थेट लागू पडते. ती त्यांना आधी सांगितली गेलीच पाहिजे.

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालीच दाखवून दिले की, वैद्यकीय सेवेत रुग्णाला मालाची पारख करता येत नाही. म्हणून निव्वळ बाजारावर विसंबणे घातक ठरते. यंत्रात गुंतवलेले भांडवल वसूल करायचे असले की गरज आणि विक्री यांतील सीमारेषा पुसट होते. गरम पाण्याचा शेक आणि पापण्यांची स्वच्छता यांत कोणाला नफा नाही. म्हणूनच त्यांचा प्रचारही नाही.

शिवाय पडद्यावर नजर खिळली की पापण्या कमी वेळा लवतात. वातानुकूलित कचेरीत तासन्‌तास संगणकापुढे बसणाऱ्याच्या डोळ्यांचा प्रश्न म्हणूनच केवळ वैद्यकीय नाही. तो कामाच्या तासांचाही प्रश्न आहे.

आमची मागणी साधी आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनी भारतीय त्वचेवर या उपचाराच्या स्वतंत्र चाचण्या घ्याव्यात. त्या यशस्वी ठरल्यास तो सार्वजनिक रुग्णालयांत मिळावा. खाजगी नेत्रालयांनी दर व धोके मराठीत लावावेत. आणि कामगार संघटनांनी पडद्यापुढील कामात सक्तीच्या विश्रांतीचा प्रश्न हाती घ्यावा. डोळे ही श्रमिकाची पुंजी आहे. तिची राखण नफ्यावर सोपवता येणार नाही.